परदेशी विद्यार्थ्यांच्या वर्गात नेमकी कोणती इंग्रजी शिकवावी?

प्रश्न : खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. मी गेली सात वर्षे तासिका तत्त्वावर इंग्रजीचे अध्यापन करीत आहे. यंदा प्रथमच परदेशी विद्यार्थ्यांसाठी असलेल्या इंग्रजी प्रशिक्षण वर्गाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. वर्ग 12 आठवड्यांचा आहे. आठवड्यातून 5 दिवस आणि रोज 2 तास. विद्यार्थी 19 आहेत. त्यांपैकी 11 येमेनचे, 4 सुदानचे, 3 इराकचे आणि 1 थायलंडहून पालीच्या अभ्यासासाठी आलेले भिक्खू आहेत. बहुतेकांना पुढे पीएच.डी. किंवा एम.एस्सी. करायची आहे. काही जण आपल्या देशात महाविद्यालयांत शिकवतही होते, त्यामुळे विषयाचे ज्ञान त्यांना पुरेसे आहे. अडते ते भाषेपाशी.

माझे स्वतःचे शालेय शिक्षण गेवराई तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत झाले. पाचवीत इंग्रजी सुरू झाली आणि ती मराठीच्या आधारानेच शिकलो : आधी शब्द, मग त्याचा अर्थ, मग वाक्याचे भाषांतर. आजवर मी जे विद्यार्थी शिकवले तेही त्याच वाटेने आलेले होते, त्यामुळे कुठे अडले तर एक मराठी वाक्य उच्चारले की काम भागत असे. या वर्गात तो आधार नाही. मला अरबी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, आणि भिक्खूंना या दोन्ही येत नाहीत.

तथापि माझा खरा प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्या आठवड्यात मी श्रुतलेखन घेतले. 'पॅक', 'पोर्ट', 'पाय' असे साधे शब्द सांगितले, तर येमेनच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी प्रत्येक शब्दाची सुरुवात 'बी' या अक्षराने केली. अरबीत 'प' हा ध्वनी नाही हे मी वाचलेले होते, म्हणून मला त्याचे आश्चर्य वाटले नाही, उलट आपले निदान बरोबर ठरल्याचे थोडे समाधानच वाटले. दुसऱ्या दिवशी पाठ्यपुस्तकासोबतच्या ध्वनिफितीतून, म्हणजे ब्रिटिश निवेदिकेच्या आवाजात, त्याच प्रकारचे शब्द ऐकवले. या वेळी त्याच विद्यार्थ्यांनी 'पी' लिहिला. चौदा जणांनी तर एकही चूक केली नाही. म्हणजे अडचण त्यांच्या कानात नव्हती, माझ्या ओठांत होती. हे एका विद्यार्थ्याने फार नम्रपणे मला सांगितलेही : "सर, तुम्ही 'पेपर' म्हणता तेव्हा आम्हाला 'बेबर' ऐकू येते." संपूर्ण वर्ग हसला, मीही हसलो, पण घरी येईपर्यंत ते डोक्यात राहिले.

आता प्रश्न असा, की या विद्यार्थ्यांना मी पुस्तकातील इंग्रजी शिकवावी, की या शहरातील प्राध्यापक, कारकून, घरमालक आणि औषधांचे दुकानदार जी बोलतात ती? पुस्तक ब्रिटनमध्ये छापलेले आहे. त्यात समुद्रकिनाऱ्यावरील सुटीचे पाठ आहेत आणि हवामानावरील गप्पा आहेत. माझे विद्यार्थी मात्र वर्ग सुटल्यावर मला थांबवून विचारतात, की 'बोनाफाईड' म्हणजे काय आणि ते कोणाकडून आणायचे असते. ज्यांनी असे वर्ग घेतले आहेत त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

उत्तर 1 : मांजरा (लातूर)

सर, आपल्या श्रुतलेखनाचा प्रसंग वाचून मला माझा हैदराबादचा पहिला महिना आठवला. तिथे मी काही वर्षे परदेशी प्रशिक्षणार्थींना शिकवले. बहुसंख्य अरबी भाषक होते. आपल्यावर जे ओढवले ते माझ्यावरही ओढवले होते, फरक इतकाच, की मला ते कोणी सांगितले नाही, त्यामुळे कळायला बराच वेळ गेला.

त्याचे कारण आपल्या वर्णमालेतच आहे. आपल्याकडे 'प' अल्पप्राण आणि 'फ' महाप्राण अशी दोन स्वतंत्र अक्षरे असल्यामुळे 'प' उच्चारताना आपण श्वास काटेकोरपणे आवरून धरतो. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस शब्दाच्या आरंभी 'पी' म्हणतो तेव्हा त्याच्या ओठांतून हलकी फुंकर बाहेर पडते. अरबी भाषकाला 'प' आणि 'ब' वेगळे ओळखण्यासाठी मुख्य आधार त्या फुंकरीचाच असतो, आणि ती काढून घेतली की त्याच्या कानाला उरतो तो ओळखीचा 'ब'. 'टी' आणि 'के' यांचेही तसेच आहे. ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरून 'पेपर' म्हणून पाहावे. ध्वनिफितीतील बाईंचा कागद हलेल, आपला जागचा हलणार नाही. हा प्रयोग मी वर्गात माझ्यावरच करून दाखवत असे, आणि विद्यार्थ्यांची भीड मोडायला त्याइतका उपयोगी दुसरा पाठ मला सापडला नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. काही ध्वनी या विद्यार्थ्यांना आपल्यापेक्षा चांगले येतात. 'थिंक' या शब्दाचा आरंभीचा ध्वनी आपण सरळ 'थ' म्हणून मोकळे होतो. येमेनी आणि इराकी विद्यार्थ्यांच्या अरबीत मात्र तो ध्वनी मुळातच आहे, त्यामुळे तो त्यांना शिकवावा लागत नाही. सुदानी विद्यार्थ्यांच्या बोलीत तो बहुधा 'स' किंवा 'त' होतो, तेव्हा सगळे अरब एकाच मापाने मोजू नयेत. 'डब्ल्यू' आणि 'व्ही' आपल्याला दोन्ही 'व' वाटतात. त्यांच्याकडे 'डब्ल्यू' अस्सल आहे आणि 'व्ही'च्या जागी 'फ' येतो. त्यामुळे आपण 'वेरी' म्हणतो आणि ते 'फेरी' म्हणतात, आणि मूळ उच्चारापासून दोघेही सारख्याच अंतरावर असतात.

लेखनात चुका वेगळ्या दिसतील. मराठीत 'ए', 'ॲन', 'द' यांसारखे काही नसल्यामुळे आपला विद्यार्थी ते गाळतो. अरबीत 'अल' आहे आणि त्याचा वापर इंग्रजीतील 'द'पेक्षा बराच सैल आहे, म्हणून ते 'द लाइफ इज डिफिकल्ट' असे लिहितात. वर्तमानकाळी वाक्यात 'आहे' या अर्थाचे क्रियापद अरबीत लागत नाही, त्यामुळे 'ही टीचर' अशी वाक्ये येतील. अरबी लिपीत मोठी आणि लहान अक्षरे असा भेद नसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऱ्हस्व स्वर सामान्य लेखनात लिहिलेच जात नाहीत. वाचणारा व्यंजनांवरून शब्द ओळखतो. ती सवय इंग्रजी वाचतानाही टिकते, म्हणून 'फॉर्म', 'फर्म' आणि 'फार्म' हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वाचले जातात. आपण ते आळसाचे लक्षण समजू नये. आपल्याला कोणी काना, मात्रा, वेलांटी गाळलेले मराठी वाचायला दिले तर आपण ते अंदाजाने वाचूच, आणि ते अंदाजाने वाचायला जन्मभर शिकलेली ती माणसे आहेत.

अंकांकडेही लक्ष द्यावे. येमेन, इराक, सुदान येथे छापील मजकुरात जे अंक वापरतात त्यांतील पाच हा आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका असतो. त्यात आपण 1,25,000 असा स्वल्पविराम देतो आणि वर त्याला 'वन लॅक ट्वेंटी फाइव्ह थाउजंड' म्हणतो. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या मार्गदर्शकाने सांगितलेला आकडा कळला नाही तर पुढचे सारेच बिघडते. लाख आणि कोटी यांचा एक संपूर्ण तास मी ठेवत असे.

आपल्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे, की ऐकण्याची इंग्रजी इथली असावी आणि लिहिण्याची इंग्रजी जगाची असावी. त्यांना व्याख्याने इथल्या प्राध्यापकांची ऐकायची आहेत, निवेदिकेची नव्हे. प्रबंध मात्र कुठेही वाचला जाऊ शकतो.

उत्तर 2 : बेगमपुरा

मी शिक्षक नाही. माझ्या घराचा वरचा मजला अनेक वर्षांपासून परदेशी विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेला असतो, म्हणून लिहीत आहे. परदेशी भाडेकरू राहायला आला की त्याची माहिती घरमालकाने 24 तासांत ऑनलाइन कळवावी लागते, आणि 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला आल्यापासून 14 दिवसांत स्वतःची नोंदणी करावी लागते. या मुलांची इंग्रजीची खरी परीक्षा या चौदा दिवसांतच होते, आणि आपला वर्ग बहुधा त्यानंतर सुरू होतो.

एकदा एका इराकी विद्यार्थ्यासोबत मी 11 महिन्यांचा भाडेकरार वाचायला बसलो. त्याने एकेका शब्दाचा अर्थ विचारायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच परिच्छेदात माझ्या लक्षात आले, की ज्या कागदावर मी दरवर्षी सही करतो तो मलाही समजत नाही. शेवटी वकिलांना दूरध्वनी केला. त्यांनाही एक शब्द चटकन सांगता आला नाही. सर, आपल्या पाठ्यपुस्तकात समुद्रकिनाऱ्याऐवजी एक भाडेकरार घालावा, अशी माझी विनंती आहे. मीही येऊन बसेन.

उत्तर 3 : निवृत्त शिक्षक (नांदेड)

चर्चा वाचून समाधान वाटले. मी जुन्या पिढीचा माणूस आहे, म्हणून थोडे मागचे सांगतो.

माझे वडील निजामाच्या राजवटीत शिकले. घरी मराठी, शाळेत उर्दू, आणि वरच्या वर्गात इंग्रजी. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात सर्व विषय उर्दूतून शिकवले जात, मात्र इंग्रजी हा विषय सक्तीचा होता. परभणी-नांदेडकडील मुलगा तिथे पोहोचेपर्यंत त्याने दोन परक्या भाषांचे उंबरे ओलांडलेले असत. 1948 नंतर माध्यम बदलले. नव्या भाषेत ज्ञान घेताना शहाणा माणूसही वर्गात कसा मुका होतो, हे आपल्या भागातील अनेक घरांना ठाऊक आहे. खामकाठ सरांनी आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेविषयी काहीशा संकोचाने लिहिले आहे असे मला जाणवले. तो संकोच अनाठायी आहे. इंग्रजी जन्मतः येणाऱ्या शिक्षकाला विद्यार्थी नेमका कुठे अडखळतो हे पुस्तकातून शोधावे लागते. आपल्याला ते आठवते.

त्याच इतिहासाचा एक लहानसा फायदाही आहे. आपल्या कचेरीतील अर्ज, दाखला, तारीख, मुदत, मसुदा, वकील, हजर हे शब्द मुळात अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे आले. पहिल्या आठवड्यात हे शब्द फळ्यावर लिहून मोठ्याने वाचून दाखवावेत. काहींचा अर्थ वाटेत बदललेला आहे, परंतु विद्यार्थी आपला शब्द ओळखतात आणि चेहरे उजळतात. यातून इंग्रजी येणार नाही, हे मान्य. परंतु आपण सर्वस्वी परक्या मुलखात आलो आहोत ही भावना कमी होते, आणि ती कमी झाल्याशिवाय प्रौढ माणूस वर्गात तोंड उघडत नाही.

समान भाषा नसण्याच्या अडचणीविषयी एक सुचवतो. 1979 ते 1984 या काळात इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी बंगळूर आणि मद्रास परिसरातील शाळांत एक प्रयोग केला होता. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून त्यांनी मुलांना इंग्रजीतून सोडवायची कामे दिली. रेल्वेचे वेळापत्रक पाहून उत्तर काढणे, नकाशावरून वाट शोधणे अशी. आधी शिक्षक तशाच प्रकारचे एक काम सर्वांसमोर बोलत बोलत सोडवीत असे, मग मुले दुसरे काम स्वतः करीत, आणि उत्तर बरोबर आले की नाही एवढेच तपासले जाई. या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीकाही झाली, ती सगळी चुकीची होती असे मी म्हणणार नाही. परंतु भाषांतराची कुबडी काढून घेतल्यावर वर्ग चालवता येतो, हे त्यातून दिसले. आपल्याकडे मनमाडमार्गे मुंबईला जाणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक आहे, वसतिगृहाची शुल्काची पावती आहे, ग्रंथालयाचे नियम आहेत. बेगमपुऱ्याच्या गृहस्थांचा भाडेकरारही त्यातच बसतो.

मांजरा यांच्याशी मात्र एका बाबतीत माझा मतभेद आहे. 'ऐकणे इथले' हे ठीक, परंतु ही मुले सनाला किंवा खार्टूमला परत जाऊन वर्गात उभी राहणार आहेत. त्यांनी आपल्याकडून 'प्रीपोन' आणि 'डू द नीडफुल' असे खास भारतीय इंग्रजीतले प्रयोग नेले तर तिथे ते कोणाला समजणार? ते शब्द ओळखायला शिकवावेत, वापरायला नव्हे. ही सीमारेषा वर्गात दररोज आखावी लागेल, आणि आपण स्वतः तेच शब्द बोलत असताना ती आखणे सोपे नाही.

उत्तर 4 : बालाघाट (अंबाजोगाई)

वरील सर्व मान्य करून एक हिशेब मांडतो. 12 आठवडे, 5 दिवस, 2 तास म्हणजे 120 तास. भाषेची पातळी मोजण्याच्या युरोपीय चौकटीतील एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जायला मार्गदर्शनाखालील सुमारे 200 तास लागतात, असा केंब्रिजचा ढोबळ अंदाज आहे. म्हणजे या वर्गात पूर्ण एक पायरीसुद्धा चढून होणार नाही. व्हिसामुळे उशिरा पोहोचणारे विद्यार्थी धरले, तर त्यांच्या वाट्याला 120 तासही येत नाहीत. अशा वर्गांच्या माहितीपत्रकांत 'अस्खलित इंग्रजी' हा शब्द सर्रास असतो. तो काढून टाकावा, असे आपण विभागप्रमुखांना सांगू शकाल का? तासिका तत्त्वावरील माणसाला ते अवघड असते, याची मला जाणीव आहे.

तासच इतके थोडे असतील तर त्यांपैकी निदान पंचवीस तास एकाच कामाला द्यावेत : दुसऱ्याचे म्हणणे स्वतःच्या वाक्यात लिहिणे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधाचे इतरांच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई वाढते, आणि 60 टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होऊ शकते. ज्याला स्वतःचे इंग्रजी वाक्य लिहिण्याची भीती वाटते तो छापील वाक्य उचलतो. त्यामागे लबाडी असतेच असे नाही. आपली मराठी मुलेही याच कारणाने उचलतात. शैक्षणिक शब्दसंग्रहासाठी एव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली तयार केलेली 570 शब्दकुलांची (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक कुल) यादी उपयोगी पडेल, परंतु ती पाठ करून घेऊ नये. प्रत्येकाच्या विषयातील एका लेखात ते शब्द शोधून खुणा करायला लावावे.

खामकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन आठवडे लागले, कारण काही गोष्टी करून पाहून मगच लिहायचे ठरवले होते.

कागदाच्या पट्टीचा प्रयोग केला. माझा कागद हलला नाही. इराकी विद्यार्थिनीचा हलला, आणि त्या दिवसापासून 'पी'ची जबाबदारी वर्गाने तिच्याकडे सोपवली आहे. भिक्खूंची अडचण निराळी निघाली. शब्दाच्या शेवटचे व्यंजन ते इतके मिटवून उच्चारतात की 'लाइक', 'लाइट' आणि 'लाइफ' हे तिन्ही सारखेच ऐकू येतात. त्यांच्यासाठी वेगळी यादी केली आहे. भाडेकरार वाचून झाला. बेगमपुऱ्याचे काका ठरल्याप्रमाणे आले, चहाचा खर्च त्यांनी केला आणि तीन शंका त्यांच्याच होत्या. माहितीपत्रकाविषयी विभागप्रमुखांशी बोललो. 'अस्खलित'च्या जागी 'कामापुरती' असे लिहायला ते तयार नाहीत, परंतु पुढील वर्षी 'पायाभूत' हा शब्द घालण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

'ऐकणे इथले' हे करून पाहण्यासाठी संख्याशास्त्राच्या एका प्राध्यापकांची परवानगी घेऊन त्यांच्या व्याख्यानातील 10 मिनिटे ध्वनिमुद्रित केली आणि वर्गाला तीनदा ऐकवली. व्याख्यान इंग्रजीतच होते, निदान तसे मला आणि त्या प्राध्यापकांना वाटत होते. 'डेटा' आणि 'डाटा' एकच आहेत हे दुसऱ्या वेळी सगळ्यांच्या लक्षात आले, 'लॅक'ही ओळखला गेला. तिसऱ्या वेळेनंतर सुदानच्या एका विद्यार्थ्याने वही पुढे केली. त्याने एक शब्द ऐकू आला तसा लिहून घेतला होता आणि तो किती वेळा आला याच्या रेघाही मारल्या होत्या. त्या सतरा होत्या. इतक्या वेळा येतो त्या अर्थी ही संख्याशास्त्रातील महत्त्वाची संज्ञा असावी, परंतु शब्दकोशात सापडत नाही, तेव्हा तिचे स्पेलिंग सांगावे, असे तो म्हणाला. त्याने लिहिलेला शब्द 'मंजे' असा होता.

प्राध्यापकांना अद्याप सांगितलेले नाही. मीसुद्धा माझा एक तास ध्वनिमुद्रित करून ठेवला आहे, पण तो अजून ऐकलेला नाही.